कस्तुराची बोली

त्या उन्हाळ्यात बोरगव्हाणला दोन गाड्या नेमानं यायच्या. एक पाण्याचा टँकर आणि दुसरी सिनेमावाल्यांची निळी मेटॅडोर. टँकर दिसला की बायका घागरी घेऊन पळायच्या, मेटॅडोर दिसली की उरलेलं गाव पळायचं. लातूर जिल्हा होऊन अजून वर्षही झालं नव्हतं. ग्रामपंचायतीच्या पाटीवरचं ‘जिल्हा उस्मानाबाद’ पुसून वर ‘जिल्हा लातूर’ लिहिलं होतं, पण रंग पातळ लागल्यामुळं खालची अक्षरं उन्हात दिसायचीच. नव्या जिल्ह्याच्या पहिल्याच साली पावसानं दगा दिला होता, आणि मुरुडपासून इकडं एकाही विहिरीत बादली बुडेल एवढं पाणी उरलं नव्हतं.

सिंधु हनवते गावच्या शाळेत शिक्षिका होती. वय सत्तावीस. माहेर पार तिकडं हिमायतनगरला, नांदेड जिल्ह्याच्या टोकाला. वडील शेषेराव रेल्वेत गँगमन होते, आणि घरातली नोकरी करणारी ही पहिली मुलगी. शाळेला सुट्टी होती, पण दुष्काळी कामावरच्या लेकरांना सुकडी वाटायचं तिच्याकडं असल्यामुळं ती गावातच राहिली होती. शाळेला लागून एक खोली, समोर लिंब, आणि लिंबापलीकडं गावची जुनी दगडी बारव. त्या बारवेच्या पायऱ्या उतरायला सिंधुला कुणी मनाई केली नव्हती. पण तीन वर्षांत कुणी ‘या’ असंही म्हटलं नव्हतं. ती आपली हातपंपावरनं पाणी आणायची. आता तर बारवही कोरडी पडली होती, तळाला चिखलाची भेगाळलेली पापडी तेवढी राहिली होती.

एके सकाळी दिग्दर्शक पोतनीस शाळेत आले. टक्कल, गळ्यात रुमाल, बोलणं एकदम अदबीचं.

“बाई, आमच्या नायिकेला इथली बोली शिकवायची आहे. महिनाभर. शिकवाल का?”

“मी नांदेडकडची आहे, सर. माझी बोली इथल्यापेक्षा थोडी वेगळी पडते.”

“पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला तेवढा फरक कळत नाही,” पोतनीस हसून म्हणाले, आणि सिंधु हो म्हणाली.

सिनेमा निजामाच्या काळातला होता. त्यातली गोष्ट पोतनिसांना याच गावात मिळाली होती. हिवाळ्यात ते जागा बघत फिरताना बारवेपाशी थांबले, आणि तिथं बसलेल्या नरसिंग नावाच्या म्हाताऱ्यानं त्यांना ती सांगितली. बारवेला लागून तेव्हा पानमळा होता. पानमळा करणाऱ्या माळ्याची मुलगी आणि जहागीरदाराचा मुलगा यांचं एकमेकांवर मन बसलं. घरच्यांनी मुलाचं लग्न दुसरीकडं ठरवलं. तेव्हा दोघांनी तिच्या पदरानं हात बांधून घेतले आणि भर दुपारी बारवेत उड्या टाकल्या. नरसिंग म्हणे तेव्हा मोट हाकत होता, त्यानं डोळ्यांनी बघितलं. पोतनिसांना गोष्ट तर आवडलीच, सांगणारा त्याहून आवडला. त्यांनी म्हाताऱ्यालाच सिनेमात घेतलं. दुष्काळ बघायला आलेलं एक तरुण जोडपं बारवेच्या कठड्यावर बसतं, नरसिंग त्यांना गोष्ट सांगतो, आणि ती गोष्ट पडद्यावर उलगडत जाते, अशी सगळी रचना होती. गोष्टीतल्या मुलीचं नाव त्यांनी चांगुणा ठेवलं.

चांगुणा व्हायची होती शुभदा वर्दे. पुण्याची, तिशीची, दिसायला नाजूक. पहिल्या दिवशी रिकाम्या वर्गात दोघी सतरंजीवर बसल्या आणि शुभदानं ‘न्हाई’ असं म्हटलं तसं सिंधुला हसू आवरेना.

“नाकातनं नका म्हणू. सर्दी झाल्यासारखं वाटून राहिलं.”

“मग कसं? तू म्हण बरं.”

“काय करून राहिलास रे? मला न्हाई म्हाईत. हाव, जा तू.”

शुभदा मन लावून शिकायची, पण जिभेचं पुणं काही जाईना. आठ दिवसांत दोघींची मैत्री झाली, बोली मात्र होती तिथंच. शुभदा म्हणाली, “बारा सिनेमे केले मी. प्रत्येकात सुंदर दिसले म्हणून लिहून आलं. बरं काम केलं असं एकदाही नाही.” ती हसत म्हणाली खरं, पण सिंधुला ते लागलं.

पहिला शॉट पानमळ्यात होता. कला विभागाच्या माणसांनी बारवेशेजारी शेवऱ्या रोवून त्यांवर बाहेरून आणलेले पानवेल चढवले होते, टँकरचं पाणी शिंपडून ते कसेबसे जगवले होते. बघायला सगळं गाव जमलेलं. नरसिंग आपल्या पाळीची वाट बघत लिंबाखाली बसला होता. सत्तरीला टेकलेला, उंच, पांढऱ्याशुभ्र मिशांचा माणूस. शुभदा हिरवं लुगडं नेसून वेलांमध्ये उभी राहिली. अंगठ्यात पानं खुडायची लोखंडी नखी घातली होती. तिचं वाक्य होतं, ‘तुम्ही इथं काय करून राहिलात? अप्पा बघंल.’ सिंधुनं ते तिच्याकडून शंभरदा घोटून घेतलं होतं.

पोतनिसांनी खूण केली. कॅमेरा घरघरायला लागला.

शुभदाचे हात चालायला लागले. चार बोटांत वेल धरायचा, अंगठा फिरवायचा, पान डाव्या तळव्यावर उपडं पडायचं. एकावर एक, देठाला देठ. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. मग ती न बघताच म्हणाली, “काय करायलास रे हितं? जा की. अप्पा निजलाय. मोटंचा आवाज बंद झाला की जागा व्हतोय त्यो.”

सिंधु चमकली. ‘करायलास’ हे इथलं, लातूरकडचं बोलणं. तिनं स्वतः ते कधी वापरलं नव्हतं, शिकवलं तर नव्हतंच. आणि मोटेचं वाक्य कागदावर कुठंच नव्हतं. लिंबाखाली नरसिंगच्या बोटांतली विडी गळून धोतरावर पडली. धोतर जळायला लागलं तेव्हा शेजारच्यानं झटकली.

“वा! बाई, जादू केलीत!” पोतनीस ओरडले.

सिंधु शुभदाजवळ गेली. “ते मोटेचं तुम्हाला कुणी सांगितलं?”

“कसलं मोटेचं?” शुभदा गोंधळून तिच्याकडं बघत राहिली. “मी कागदावरचंच म्हटलं ना?”

संध्याकाळी सिंधु काडेपेटी आणायला गुरुपादप्पाच्या दुकानात गेली. गुरुपादप्पा निलंग्याकडचा लिंगायत. त्याचा बाप निजामाच्या काळातच या गावात येऊन दुकान थाटून बसला होता.

“बाई, त्या नटीला पानं खुडायला तुमी शिकवलं?”

“मला पान खाताही येत नाही, अप्पा.”

गुरुपादप्पानं काडेपेटी फळीवर ठेवली. मग म्हणाला, “पान उपडं घ्यायचं, देठाला देठ लावायचा. तसं आता कुणी करत न्हाई. म्या एकाच पोरीला बघितलं व्हतं तसं खुडताना. लई लहान व्हतो तवा.” एवढं बोलून तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळला.

त्यानंतर रोज काहीतरी व्हायचं. शुभदा कॅमेऱ्यासमोर उभी राहिली की कागद बाजूला पडायचा, आणि गोष्ट तीच असली तरी तिचं बोलणं वेगळं यायचं. शॉट संपला की तिला त्यातलं काहीच आठवायचं नाही. पोतनीस खूश होते. नायक बिचारा गडबडून जायचा. नरसिंगनं मात्र यायचंच बंद केलं, अंगात कसर आहे म्हणून निरोप पाठवला. त्याचं काम अर्धं राहिलं होतं, म्हणून पोतनीस दोनदा त्याच्या घरी जाऊन आले. नरसिंग त्यांच्याशी भिंतीकडं तोंड करून बोलला.

मग एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, शुभदा वर्गात सतरंजीवर पडली आणि तिला झोप लागली. सिंधु खिडकीपाशी बसून सुकडीचं रजिस्टर भरत होती. बाहेर ऊन नुसतं रणरणत होतं, चिटपाखरू नव्हतं. झोपेत शुभदानं उजवा हात लांब केला, जणू कुणाचं तरी मनगट धरलंय अशी मूठ वळली, आणि पोरसवदा, बारीक आवाजात ती म्हणाली, “कै बिडबेड.”

सिंधु उठून जवळ गेली. “शुभदाताई?”

“कै बिडबेड,” पुन्हा तोच आवाज. त्यात विनवणी होती.

सिंधुनं तिला हलवलं. मूठ सुटली. तळवा ओला होता. घामानं भिजतो तसा नाही, पाण्यातून काढल्यासारखा, बोटांच्या टोकांवरून थेंब ओघळत होते. आणि हाताखालची फरशी चांगली वीतभर भिजली होती. सिंधुनं बोट लावून बघितलं. पाणी थंडगार होतं. त्या गावात त्या दिवसांत थंड पाणी माठातही मिळत नव्हतं.

ती तशीच उन्हातून गुरुपादप्पाच्या दुकानात गेली.

“अप्पा, ‘कै बिडबेड’ म्हणजे काय?”

गुरुपादप्पाच्या हातातलं तराजू थांबलं. “कानडी हाय ते. हात सोडू नको. कुठं ऐकलं तुमी?”

सिंधुनं सांगितलं. त्यानं दुकानाची फळी अर्धी ओढून घेतली आणि हलक्या आवाजात बोलायला लागला. “पानमळा करणारा संगप्पा आमच्याच भागातला. घरात कानडी, भायेर मराठी. त्याची पोरगी कस्तुरा. सोळा-सतरा वर्साची. म्या धा वर्साचा व्हतो, मला खोबरं द्यायची. एक दिस बारवेत पाय घसरून मेली म्हणले. संगप्पानं चार दिसात बिऱ्हाड हालवलं, पुन्हा कवा दिसला न्हाई.”

“आणि तो जहागीरदाराचा मुलगा?”

“कुठला जहागीरदार, बाई? ह्या गावाला जहागीर कवा व्हती? ही गोष्ट नरसिंगअण्णा सांगतोय धा-बारा वर्सं. आदी कुणी आयकली न्हाई. पानमळा, बारव, मोट, समदं त्येच्या बापाचंच व्हतं.”

“म्हणजे तिच्यासोबत कुणीच मेलं नाही?”

“कुणीच न्हाई. एकलीच सापडली.”

नरसिंगचं घर गावाच्या वरच्या अंगाला. सिंधु ओट्यापर्यंत गेली आणि तिथंच थांबली. नरसिंगची बायको सरजाबाई सुपात ज्वारी निवडत होती. तिनं सिंधुकडं बघितलं, मग आत खाटेवर पडलेल्या नवऱ्याकडं.

“अण्णा,” सिंधु म्हणाली, “तुमच्या गोष्टीतल्या मुलीचं नाव कस्तुरा होतं का?”

नरसिंग उठून बसला. “गोष्ट ती. गोष्टीत काईबी नाव असतंय.”

“गोष्टीत दोघं मरतात. खरं काय झालं?”

“खरं कुणाला पायजे, बाई? सिनेमावाल्यांनी तरी इचारलं का?” त्याचा आवाज चढला होता, पण डोळे खाली होते.

“मला विचारायचंय. त्या नटीला काही होईल अशी भीती वाटून राहिली. ती झोपेत बोलते. ‘कै बिडबेड’ म्हणते.”

त्याचा अर्थ नरसिंगनं विचारला नाही. त्यानं फक्त आपला उजवा हात हळूच मांडीखाली सरकवला आणि त्यावर भार देऊन बसला. सरजाबाईचं सूप हातात तसंच राहिलं. ती नवऱ्याच्या त्या हाताकडं बघत होती.

“जा बाई,” नरसिंग म्हणाला. “उन्हाचं फिरू नका.”

शेवटचा प्रसंग बारवेतला होता, आणि बारवेत पाणी नव्हतं. पोतनिसांनी सात टँकर ठरवले. गावात बोंब झाली. प्यायला पाणी नाही आणि हे बारवेत ओतणार? शेवटी सरपंचानं मध्यस्थी केली. शूटिंग झालं की ते पाणी गावाचं, असं ठरलं. बायका तयार झाल्या, पण म्हाताऱ्या म्हणाल्या की तळाच्या भेगा एवढ्या आहेत की सकाळपर्यंत पाणी जिरून जाईल.

पाणी दुपारी ओतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे बघायला गेले. बोटभरही खाली गेलं नव्हतं. टँकरचं गढूळ पाणी निवळून काळंभोर झालं होतं, आणि कठड्यावर वाकलं तर तोंडाला गारवा लागायचा. एका म्हातारीनं कानाच्या पाळीला हात लावला आणि ती घरी गेली.

सिंधु मेकअपच्या खोलीत शुभदाजवळ बसली. गुरुपादप्पाकडून कळलेलं सगळं तिनं सांगितलं. “आज पाण्यात उतरू नका, ताई. पोतनीस सरांना मी सांगते.”

शुभदा आरशात बघत होती. “सिंधु, मला सगळं कळतंय. मधले तास हरवतात माझे. पण परवा मुंबईहून पहिली रिळं धुऊन आली ना, ती मी बघितली. आयुष्यात पहिल्यांदा पडद्यावर मी खरी वाटले. ते माझ्याकडून काढून घेऊ नकोस.”

“ते तुमचं नाहीच आहे.”

“माहीत आहे,” शुभदा म्हणाली, आणि उठून गेली.

बारा वाजून गेले होते. सूर्य डोक्यावर, बारवेच्या आत सावली नावाला नाही. कॅमेरा समोरच्या कठड्यावर लावला होता. मुरुडहून आणलेले दोन पट्टीचे पोहणारे पलीकडच्या पायऱ्यांवर बसले होते. पोतनिसांनी पायरी दाखवून ठेवली होती, कमरेएवढ्या पाण्यातली. तिथं थांबायचं, पुढचं नंतर जुळवायचं. सिंधु आज पहिल्यांदाच बारवेत उतरली होती. सांगायचं ते मधल्या टप्प्यावरनं सांगता यावं म्हणून पोतनिसांनीच तिला तिथं उभं केलं होतं. वर कठड्याला गाव दाटीनं उभं होतं आणि तरी एवढी शांतता की कॅमेऱ्याची घरघर खालपर्यंत ऐकू येत होती.

नायक आणि शुभदा हातात हात घालून उतरले. मनगटांना पदर गुंडाळलेला. एक पायरी, दुसरी. खुणेची पायरी आली. नायक थांबला, शुभदा थांबली नाही.

“शुभदा, बस्स!” पोतनीस वरून म्हणाले.

तिनं मान वळवली. नायकाकडं नाही, वर, कठड्यावरच्या गर्दीकडं. सिंधुनं तिच्या नजरेमागं बघितलं. गर्दीच्या कडेला नरसिंग उभा होता. केव्हा आला होता कुणास ठाऊक.

“नरसू,” ती म्हणाली. त्या म्हाताऱ्याला गावात त्या नावानं हाक मारणारं कुणी जिवंत राहिलं नव्हतं. “नरसू, कै बिडबेड.”

नायकाचा पाय ओल्या पायरीवरून निसटला, पदराची गाठ सुटली, आणि शुभदा दगड टाकावा तशी खाली गेली. पाण्यावर तरंगही उठला नाही.

पुढचं सिंधुनं विचार करून केलं नाही. ती धावत उतरली, कमरेएवढ्या पाण्यात गेली आणि वाकून हात खाली घातला. लगेच एक हात तिच्या हातात आला. तिनं तो गच्च धरला. “सापडल्या! ओढा!” ती ओरडली. पोहणाऱ्यांनी बुड्या मारल्या होत्या. पाणी ढवळलं आणि चार पावलांवर, पलीकडच्या पायऱ्यांपाशी, त्यांनी शुभदाला बाहेर काढलं. ती खोकत होती, दोन्ही हात छातीशी घट्ट धरलेले होते. दोन्ही हात.

सिंधुच्या हातात मात्र हात तसाच होता.

लहानसा हात होता. बर्फासारखा गार. अंगठ्याच्या पेराशी काहीतरी लोखंडी, धारदार टोचत होतं. तो हात तिला खाली ओढत नव्हता. नुसता धरून होता, भ्यालेलं लेकरू धरतं तसा. म्हणूनच असेल, सिंधुनं झटका दिला नाही. पायरीवर पाय रोवून ती हळूच, आपल्या घरच्या बोलीत म्हणाली, “न्हाई सोडत. हाय मी.”

वर गडबड उडाली होती, सगळे शुभदाकडं धावले होते. सिंधुला कुणी बघत नव्हतं. एकटा नरसिंग पायऱ्या उतरत होता. पागोटं त्यानं वरच काढून ठेवलं होतं. तो तिच्याजवळ पाण्यात उभा राहिला.

“तुमी सोडा, बाई. माझा हाय तो हात.”

“काय केलं होतं तुम्ही?” सिंधुनं विचारलं. दात वाजत होते तिचे.

“गाठ सोडली म्या,” नरसिंग म्हणाला. तो सिंधुशी बोलत नव्हता, पाण्याशी बोलत होता. “दोघांनी मरायचं ठरलं व्हतं. गळ्याला पानी लागलं आन् मला भ्या वाटलं. ती हात सोडंना, मग म्या एक एक बोट उकललं. वर येऊन बसलो. पानी शांत झालं. संगप्पा पानमळ्यात निजला व्हता. मोट बंद राहिली असती तर उठला असता. म्हणून म्या मोट जुपली. दिस बुडंस्तवर हाकली. त्येच पानी पानमळ्याला दिलं.” त्यानं उजवा हात पाण्यात घातला. “कस्तुरे, बाईला सोड. म्या हाय.”

सिंधुच्या हातावरची पकड एकेक बोटानं सैल झाली. शेवटचं बोट सुटलं तेव्हा ती मागच्या पायरीवर बसलीच. नरसिंगचा दंड ताठ झाला, मनगटाच्या शिरा फुगल्या. त्यानं डोळे मिटले आणि तो तसाच राहिला.

लोकांना वाटलं म्हातारं पोरीला वाचवायला उतरलं आणि धक्क्यानं बसून राहिलं. त्याला काढायला माणसं आली, पण तो हलेना. शुभदाला मेटॅडोरनं लातूरच्या दवाखान्यात नेलं. शूटिंग आवरलं, दोऱ्या गुंडाळल्या, गर्दी पांगली. नरसिंग पाण्यात हात घालून पायरीवर बसलेलाच होता. सिंधुही ओल्या कपड्यांनी टप्प्यावर बसून राहिली. दिवस कलल्यावर सरजाबाई आली. तिनं खाली उतरून नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“झालं का?”

नरसिंगनं पाण्याकडं बघितलं. मग त्यानं हात वर घेतला. तळव्यावर, अंगठ्याच्या बुडाशी, चंद्रकोरीसारखा ताजा काप होता. रक्त येत नव्हतं.

“झालं,” तो म्हणाला, आणि बायकोच्या आधारानं पायऱ्या चढून गेला.

दुसऱ्या दिवशी गावातल्या बायका घागरी घेऊन बारवेच्या तोंडाशी उभ्या होत्या. पाणी त्यांचंच होतं, पण उतरायला कुणी धजेना. सरजाबाईच पहिली उतरली. घागर भरली, डोक्यावर घेतली आणि वर येताना शाळेच्या दारात उभ्या असलेल्या सिंधुला म्हणाली, “या बाई, भरून घ्या. ग्वाड हाय पानी.” ते पाणी गावाला एकवीस दिवस पुरलं.

शुभदा परत आली नाही. पुण्याहून तिचं एक पत्र आलं. तब्येत बरी आहे, पण शूटिंगमधलं काहीच आठवत नाही, आणि ‘न्हाई’ अजूनही नाकातूनच येतं, असं तिनं लिहिलं होतं. राहिलेला प्रसंग पोतनिसांनी कोल्हापूरला, दुसरी मुलगी पाठमोरी उभी करून पुरा केला. बारवेतलं रीळ त्यांनी वापरलं नाही. सिंधुनं पत्रानं कारण विचारलं तेव्हा त्यांनी दोनच ओळी लिहिल्या. फितीवर पाण्यात म्हटलेले शब्द स्वच्छ ऐकू येतात, पण चित्रात शुभदाचे ओठ मिटलेले आहेत. तुम्हाला काही ठाऊक असेल तर कळवू नका.

पुढच्या वर्षीच्या दिवाळीत सिनेमा लातूरला लागला. सरजाबाई शाळेत आली. “बाई, मला घेऊन चला. ह्येंला न्हाई सांगितलं.”

दुपारचा खेळ होता. पडद्यावर नरसिंगचा चेहरा भिंतीएवढा मोठा झाला आणि तो गोष्ट सांगायला लागला, तेव्हा सरजाबाई खुर्चीत पुढं सरकली. पानमळ्यातली मुलगी देठाला देठ लावून पानं खुडत होती. सरजाबाईनं पापणी हलवली नाही. शेवटी दोघं हात बांधून पाण्यात गेले, टॉकीजभर बायका मुसमुसायला लागल्या, पण तिच्या डोळ्याला पाणी आलं नाही.

स्टँडवर मुरुडच्या गाडीला वेळ होता. दोघी उसाच्या गाड्यापाशी बाकावर बसल्या. सरजाबाईनं रसाचा ग्लास हातात धरून ठेवला, प्याली नाही.

“लगीन होऊन चाळीस वर्सं झाली, बाई. ह्यो माणूस रोज उजवा हात अंगाखाली दाबून निजायचा. मला वाटायचं सवय हाय. म्या त्या हाताला कवा लागलेबी न्हाई.”

“आणि आता?”

“आता हात उघडा टाकून निजतोय. लेकरावाणी. पन त्या राती त्येनं मला समदं सांगितलं, आन् तवापासनं म्या त्येला ओसरीतच निजवलं. दीड वर्स झालं. जवळ घ्यायला मन व्हईना.” तिनं हातातला ग्लास फिरवला. “तिला सोडून आला, मग माझ्यासंगं नांदला. पाच लेकरं झाली. म्या कुणाच्या वाट्याचं खाल्लं, ह्येच समजंना झालंय.”

सिंधुनं नुसता सरजाबाईचा मोकळा हात हातात घेतला. खरबरीत, गरम हात होता तो.

कंडक्टरनं मुरुड, मुरुड म्हणून हाक दिली. सरजाबाईनं रस एका घोटात संपवला, पदरानं तोंड पुसलं आणि उठली.

“आज आत निजवते त्येला,” ती म्हणाली. “म्हातारा हाय. ओसरीत आताशा थंडी लागती.”

गाडीत गर्दी होती. सिंधुला मागं उभं राहावं लागलं. सरजाबाईला पुढं खिडकीपाशी जागा मिळाली, आणि गाव येईपर्यंत ती बाहेरच्या पिवळ्या ज्वारीकडं बघत राहिली. यंदा पीक बरं होतं.